जळीत घर आणि पंचनाम्यातील एक शब्द

होळी सरली की परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानात आगीचे दिवस सुरू होतात. जिंतूर व गंगाखेड तालुक्यांतील टेकड्यांवरची विरळ झाडी सोडल्यास या जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. वणवा म्हणताच डोळ्यांसमोर उभे राहणारे जंगल येथे नाही. येथील वणवा शेतातून उठतो. रब्बी ज्वारीची काढणी उरकून कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात, ऊस तुटून गेलेल्या फडात पाचट पसरलेले असते, गव्हाचे काड वाळून कोळ झालेले असते. धुरे पेटवून रान साफ करण्याची चाल अद्याप मोडलेली नाही. त्यातच दुपारच्या वाऱ्याने लोंबकळणाऱ्या वीजतारा एकमेकींना घासतात. एखादी ठिणगी पडते आणि पाहता पाहता आग आखाड्याला भिडते.

आखाडा म्हणजे शेतातील वस्ती. अन्य भागांतील वाचकांना हा शब्द कुस्तीच्या हौद्याचा वाटेल. परंतु परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात शेतावरील राहण्याच्या जागेस हेच नाव आहे. एका बाजूस गुरे, दुसऱ्या बाजूस चूल, माळ्यावर अवजारे, कोपऱ्यात बियाण्याची पोती आणि भाव येईपर्यंत ठेवलेला कापूस, असा सारा संसार एका छपराखाली असतो. अनेक कुटुंबे तेथे बाराही महिने राहतात. कागदावर मात्र त्यांचे घर गावठाणात असते, किंवा कोठेच नसते. आगीनंतरच्या साऱ्या अडचणींचे मूळ बहुधा येथे सापडते.

आग आटोक्यात आल्यावर

आग लागताच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. अग्निशामक बंब नगरपरिषदेच्या गावाहून यावयाचा असल्याने दूरच्या शिवारात तो पोहोचेपर्यंत छप्पर उरतेच असे नाही. तरीही वर्दी दिल्याची नोंद पुढे उपयोगी पडते. त्यानंतर पोलीस ठाण्यात ‘अकस्मात जळीत’ म्हणून नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. आग मुद्दाम लावल्याचा संशय असल्यास तशी स्वतंत्र फिर्याद द्यावी. संशय आणि अपघात एकाच अर्जात मिसळू नयेत.

त्याच दिवशी तलाठी, म्हणजे आजच्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना लेखी कळवावे. पंचनाम्यापूर्वी राख उपसू नये. घरातील माणसे कोळसा झालेल्या वस्तू बाहेर फेकून जागा झाडून घेतात. दुःखाच्या भरात हे साहजिक आहे. परंतु पंचांना मग पाहण्यासारखे काही उरत नाही. जनावर दगावले असल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्याखेरीज ते पुरू नये.

गोठा, झोपडी की घर?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या आपत्तींत आग समाविष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही ३० जानेवारी २०१४ च्या निर्णयान्वये आकस्मिक आगीस मदतपात्र आपत्तींत स्थान दिले. तेव्हा ‘आग ही नैसर्गिक आपत्ती नव्हे’ असे सांगून अर्ज परत करण्यास आधार नाही.

मदतीचे दर ठरावीक मुदतीसाठी असतात व पुढे सुधारले जातात. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या किंवा गंभीर हानी पोहोचलेल्या घरास, ते कच्चे असो वा पक्के, १,२०,००० रुपये ठरविण्यात आले. झोपडीस ८,००० रुपये, तर घरास लागून असलेल्या गोठ्यास ३,००० रुपये. किमान १५ टक्के हानी झालेल्या, म्हणजे अंशतः पडझडीच्या पक्क्या घरास ६,५०० आणि कच्च्या घरास ४,००० रुपये. अर्ज करतेवेळी प्रचलित दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत. परंतु या आकड्यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. जळालेली वास्तू एकच. पंचनाम्यात ‘गोठा’ लिहिले तर तीन हजार, ‘झोपडी’ लिहिले तर आठ हजार, आणि ‘कच्चे घर’ लिहिले तर एक लाख वीस हजार. कुटुंबाने पुन्हा भिंती उभ्या करावयाच्या की ताडपत्रीखाली पावसाळा काढावयाचा, हे त्या एका शब्दावर ठरते.

निकषांतील व्याख्येप्रमाणे झोपडी म्हणजे कच्च्या घराहूनही हलकी, गवत, माती, प्लॅस्टिक इत्यादींची तात्पुरती बांधणी. दगडमातीच्या वा विटामातीच्या भिंती, लाकडी खांब आणि वर पत्रे अशी रचना असलेला आखाडा या व्याख्येत सहजी बसत नाही. तेथे जनावरे बांधली जातात एवढ्यावरून तो गोठाही ठरत नाही. माणसे राहत होती काय, हा खरा प्रश्न आहे. शिधापत्रिकेवरील पत्ता, वीजदेयक, मुलांची शाळेतील नोंद, शेजाऱ्यांचे जबाब, इतकेच काय, राखेतील चूल आणि भांडीसुद्धा त्याचे उत्तर देतात. पंचनाम्यात त्यांचा उल्लेख असावा.

निकषांत आणखी एक अट आहे. घर अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. नमुना ८ च्या उताऱ्यात नोंद नाही म्हणून आखाडा अनधिकृत, असा निष्कर्ष या ठिकाणी घाईने काढला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये ‘शेतघर’ या संज्ञेत अवजारे, चारा व पीक साठविण्याच्या आणि गुरे बांधण्याच्या जागेबरोबरच धारकाच्या कुटुंबीयांच्या, नोकरांच्या किंवा कुळाच्या निवासाची वास्तूही येते. कलम ४१ मधील अटींच्या अधीन राहून शेतजमिनीचा धारक असे बांधकाम करू शकतो. स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीत उभा असलेला आखाडा गायरानातील अतिक्रमणाच्या पंक्तीस बसविणे, म्हणूनच, न्याय्य ठरत नाही. तलाठ्याने पंचनाम्यासोबत गट क्रमांक व सातबारा जोडल्यास पुढील शंकेचे निरसन तेथेच होते.

सालगड्याचे प्रकरण अधिक नाजूक असते. घर मालकाचे, संसार त्याचा. घराच्या हानीची मदत मालकाच्या नावे जाईल. परंतु कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व गृहोपयोगी वस्तूंसाठी २,५०० रुपये हे साहाय्य बेघर झालेल्या कुटुंबासाठी आहे. तेथे कोण राहत होते हे न लिहिता केवळ सातबाऱ्यावरील नाव उतरवून घेतले की हे पाच हजारही त्याच्या हाती पडत नाहीत.

उभ्या भिंतींचा भ्रम

आगीत छप्पर जाते, भिंती राहतात. पाहणाऱ्यास घर अंशतः जळाल्यासारखे दिसते आणि चार हजारांची नोंद होते. माळवदाच्या घराची रचना ज्यांस ठाऊक आहे ते असे लिहिणार नाहीत. माळवदाचा भार लाकडी खांब व तुळयांवर असतो आणि वर मातीचा जाड थर असतो. लाकूड आतून कोळसले की तो सारा भार मातीत बांधलेल्या भिंतींवर किंवा थेट माणसांवर येतो. अशा घरात पुन्हा राहता येईल काय, हे ठरविण्याचे काम जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याचे आहे. निकष ‘गंभीर हानी’ व ‘पूर्णतः नष्ट’ यांना एकाच दराने मोजतात. म्हणून अभियंत्याचा दाखला येईपर्यंत पंचनाम्यात ‘अंशतः’ हा शब्द न घातलेला बरा.

जनावरांसाठी याच निकषांत गाय किंवा म्हशीस ३७,५००, बैलास ३२,०००, वासरास २०,००० व शेळीस ४,००० रुपये असे दर होते, संख्येच्या मर्यादेसह. घरात साठविलेला कापूस, सोयाबीन, रोकड वा दागिने यांची भरपाई मात्र या यादीत नाही. हे आधीच स्पष्ट सांगणे चांगले. नाहीतर शेतकरी महिनोन्‌महिने त्याच आशेवर हेलपाटे घालतो.

अर्धवट जळालेल्या नोटा फेकून देऊ नयेत. कोळसलेल्या, हात लावताच तुटणाऱ्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाहीत. त्या तशाच डब्यात ठेवून रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. परभणीकरांसाठी ते नागपूर किंवा मुंबई. तेथे तपासणी होऊन निर्णय दिला जातो.

आग सिलिंडरची, आग तारेची

गॅस सिलिंडरमुळे दुर्घटना घडल्यास तेल कंपन्यांनी उतरविलेल्या विम्याचा लाभ मिळू शकतो. मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती सहा लाख रुपये आणि मालमत्तेच्या हानीसाठी प्रतिघटना दोन लाखांपर्यंत. ग्राहकास त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही; वितरकास तत्काळ लेखी कळवावे लागते. परंतु मालमत्तेचा विमा नोंदणीकृत पत्त्यापुरताच आहे. गावातील घराच्या नावे घेतलेले सिलिंडर आखाड्यावर वापरले आणि तेथे स्फोट झाला तर हा दावा टिकत नाही. जोडणीचा पत्ता बदलून घेण्यास फार श्रम पडत नाहीत.

वीजतारेमुळे आग लागली असल्यास महावितरणला कळवून विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करून घ्यावी. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ मध्ये अशा अपघातांच्या चौकशीची तरतूद आहे. त्या अहवालाशिवाय भरपाईची मागणी पुढे सरकत नाही. उसाच्या फडांना लागलेल्या आगींत शेतकऱ्यांस हा अनुभव आहेच.

निवारा आणि नवे घर

पहिल्या काही रात्रींसाठी जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर उघडून देणे हे ग्रामपंचायतीच्या हातातील काम. मुख्याध्यापकांनी याच वेळी मुलांच्या जळालेल्या दाखल्यांच्या दुय्यम प्रतींचे अर्ज भरून घेतल्यास मोठी सोय होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रकांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय मंडळाकडे जावे लागते.

कायमच्या घरासाठी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आहे. समाजघटकांनुसार रमाई, शबरी, मोदी आवास आणि यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या योजना आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत आपत्तीग्रस्तांच्या पुनर्वसनासारख्या विशेष प्रकल्पांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवण्याची तरतूद आहे; पण प्रस्ताव राज्यामार्फत जावा लागतो, एकट्या कुटुंबाच्या अर्जाने तो हलत नाही. जागा नसलेल्या पात्र लाभार्थ्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याच वेळी इतर बहुसंख्य गावांत हप्त्यांनी पैसा व अभियंत्याचे मार्गदर्शन देऊन लोकांनी आपापली घरे स्वतः दुरुस्त केली. जळीतग्रस्त कुटुंबासाठी हा दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात वणव्यांनी हजारो घरे भस्मसात केली. तेव्हा तेथे मदत केंद्रे उघडून निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी एका छताखाली बसविण्यात आले. एका आखाड्याच्या आगीसाठी इतका व्याप नको. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, अभियंता, पशुवैद्यकीय अधिकारी आणि गॅस वितरकाचा माणूस एकाच सकाळी जागेवर आले तरी पाच हेलपाटे वाचतात. तहसीलदारांच्या एका दूरध्वनीने हे होऊ शकते.

पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी. प्रत न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली ती मागता येते. वर्णन चुकले असल्यास तहसीलदारांकडे फेरपाहणीचा अर्ज द्यावा, आणि तो भिंती पाडण्यापूर्वी द्यावा.