साडेसातचा फोन

आईबाबांनो, मनात बरेच दिवस राहिलेलं आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी मुंबईत नर्स आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आठ वर्षांच्या लेकीला मी दापोली तालुक्यात माझ्या आईकडे पोचवलं. तिचे बाबा नोकरीनिमित्त गुजरातेत. आमच्याकडे करोनाचे रुग्ण यायला लागले होते, ड्यूटीवरून आल्यावर लेकीला जवळ घ्यायचीही धास्ती वाटायची. निघताना तिनं विचारलं, "आई, कधी येशील?" मी म्हटलं, "पाडव्याला." पाडवा होता २५ मार्चला. आदल्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. तरीही पाडव्याच्या सकाळी ती गुढीपाशी माझी वाट बघत बसली होती, असं आईनं मागाहून सांगितलं.

पुढे मी चुकतच गेले. टाळेबंदी १४ एप्रिलपर्यंत म्हणून मी तिला पंधराचा वायदा केला. मग ३ मे आली, मग १७, मग ३१. दर वेळी ती कालनिर्णयवर पेन्सिलीनं गोल करायची आणि दर वेळी तो खोटा ठरायचा. मे सरत आला तशी तिनं विचारणंच सोडलं. फोनवर नुसतं "हं", "जेवले", "बरी आहे". मला वाटलं, पोर शहाणी झाली. आई म्हणाली, "शहाणी नाही गं, तिनं तुझी आशा सोडलीय."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मार्ग मला वॉर्डात सापडला. नातेवाइकांना आत येता येत नव्हतं. आम्ही पीपीई किट घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल रुग्णांसमोर धरायचो. बहुतेक घरचे म्हणायचे, "काळजी करू नका, लवकर बरे व्हाल." रुग्ण नुसती मान हलवायचे. एका आजोबांच्या घरच्या आजी मात्र असं काही म्हणतच नसत. त्या सांगायच्या, जास्वंदीला कळी आलीय, तुमच्या सदऱ्याचं बटण लावून ठेवलंय. मग विचारायच्या, "लसणाची चटणी तुमच्यासारखी जमत नाही. मिरची आधी घालू की मागून?" तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असलेले आजोबा बोटांच्या खुणा करून उत्तर द्यायचे. त्या दोन मिनिटांत त्यांचा चेहरा बदलायचा. घरी येण्याची तारीख आजींनी कधी दिली नाही. घरात तुमची जागा तशीच आहे आणि तुमच्यावाचून एक काम अडलंय, एवढंच त्या रोज कळवत होत्या.

मी लेकीची माफी मागितली. म्हटलं, "बाळा, मी कधी येईन ते मलाच ठाऊक नाही. उगाच तारखा देत राहिले. पण रोज संध्याकाळी साडेसातला माझा फोन येईल." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रात्रपाळी असली तरी?" "रात्रपाळीला निघायच्या आधी करीन."

आणि तिला एक काम दिलं. आजी आंब्याची साठं, म्हणजे आंबापोळ्या, घालेल, त्यातलं एक माझ्यासाठी तू सांभाळ. त्या दिवसापासून ती रोज साठाची खबर द्यायला लागली. ताट उन्हात कुठे सरकवलं, मुंग्या येऊ नयेत म्हणून काय केलं, कड सुटायला लागली की नाही. "हं" कधी मागे पडलं ते कळलंही नाही.

मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, पण दापोलीलाही त्यानं झोडपून काढलं. विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले. तिसऱ्या दिवशी गावातला एक मुलगा रेंज मिळेल तिथवर चालत गेला आणि त्यानं कळवलं, माणसं सुखरूप आहेत, पडवीची कौलं गेली, परसातला फणस पडला. पण लेकीचा आवाज काही ऐकू आला नाही. रोज साडेसातला मी मोबाइल हातात घेऊन बसायचे. एकच शब्द दिला होता, तोही मोडला, या विचारानं जीव तुटायचा.

दहाव्या दिवशी फोन लागला. लेक म्हणाली, "थांब, वही आणते." रोज साडेसातला ती आजीजवळ दिव्याच्या उजेडात बसून मला सांगायचं ते लिहून ठेवत होती. पहिल्या पानावर होतं, "आज फोन नाही आला. आई तिकडे फोन घेऊन बसली असेल."

आईबाबांनो, मला जे उमगलं ते या एका ओळीत आहे. मुलाला आशा वाटते ती आपल्या गोड बोलण्यानं नाही, आपण पाळलेल्या शब्दानं. थोडे दिवस का होईना, शब्द पाळलेला असला की फोन आला नाही तरी मूल म्हणतं, आई तिकडे बसली असेल. म्हणून जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. "सगळं नीट होईल" हे कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या वॉर्डातले ते आजोबा घरी गेले, पण सगळे गेले नाहीत, हेही मी पाहिलं आहे. जे हातात आहे ते लहानसं असू दे, पण चुकवू नका. आणि मुलांना नुसतं सांभाळून घेऊ नका. त्यांनाही आपल्यासाठी काही करू द्या. दूर असलेल्या माणसासाठी हात चालता राहिला की मन खचत नाही.

महामारी सरली, पण ताटातूट संपत नाही. कुणाची बदली होते, कुणाचं मूल वसतिगृहात जातं, कुणी आजारपणात अडकतं. तेव्हाही हे उपयोगी पडेल.

त्या वर्षी २० ऑगस्टपासून एसटी पुन्हा जिल्ह्याबाहेर धावू लागली. सप्टेंबरमध्ये रजा मिळाली आणि मी गावी गेले. लेक धावत आली नाही. आधी घरात गेली, फडक्यात गुंडाळलेलं साठ घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवलं. मग मला मिठी मारली.