उसाचा केवडा आणि मोरचुदाचा खर्च



मध्यंतरी आपले एक सभासद खोडव्याची पिवळी पाने घेऊन शेतकी विभागात आले. म्हणाले, "साहेब, एका दुकानदाराने तांबं कमी आहे म्हणून सांगितलं. मोरचूद टाकलं, पण ऊस आणखीच पांढरा पडला." पाने पाहिली, तर तो चक्क केवडा होता, म्हणजे लोहाची कमतरता. पैसे गेले ते गेलेच, पण फुटव्याचे दिवसही हातचे गेले.

ओळख अशी करावी. खालची जुनी पाने पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे. पोंग्यातली कोवळी पाने पिवळी-पांढरी, पण शिरा हिरव्या, असे दिसले तर लोह कमी आहे. तांब्याच्या कमतरतेत फिकट पानावर हिरवे ठिपके राहतात, कांडे लिबलिबीत होते आणि शेंडा खाली झुकतो. हा प्रकार ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या रेताड जमिनीत आणि अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीच्या जमिनीत आढळला आहे. आपल्या काळ्या जमिनी बसाल्ट खडकाच्या. त्यांत तांबे बहुधा पुरेसे असते. द्राक्षबाग मोडून ऊस लावला असेल तर बोर्डो फवारणीचे तांबे तिथे साठलेलेच असते. तांबे जादा झाले की मुळांना लोह घेता येत नाही. वरील सभासदांचे हेच झाले.

मग केवड्याला काय करावे?

१) चुनखडीच्या जमिनीत हिराकस नुसते टाकू नये, त्यातले लोह लगेच अडकून बसते. एकरी १० किलो हिराकस १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावे, ५-६ दिवस ओलसर ठेवावे व मग सरीत मुळांजवळ देऊन मातीआड करावे.

२) उभ्या पिकाला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, ताजे द्रावण करून, सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर फवारावे. ८-१० दिवसांनी पुन्हा फवारावे.

३) पाणी बेताने द्यावे, चर काढून निचरा करावा. सरी तुंबलेली असेल तर हिराकसाचाही उपयोग नाही.

मोरचूद जमिनीत टाकायचे ते माती तपासूनच. तांबे दर दहा लाख भागांत ०.२ पेक्षा कमी आले, तरच प्रयोगशाळा सांगेल तेवढे टाकावे. एकदा दिलेले तांबे अनेक वर्षे पुरते, दरसाल टाकू नये. लोहाची मर्यादा ४.५ आहे.

नमुना ८-१० ठिकाणचा, वीतभर खोलीचा घ्यावा. खड्डा घेतल्यावर कडेची माती लाकडी पट्टीने खरवडावी आणि प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा करावी. लोखंडी घमेले, खताची रिकामी पोती वापरू नयेत, नाहीतर आकडे खोटे येतात. बांधाची, उकिरड्याची माती घेऊ नये. अर्धा किलो माती पिशवीत भरून नाव व गट नंबर लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावी.

आधी पान बघा, मग माती तपासा आणि शेवटी पिशवी फोडा.

आपला,
ऊस विकास अधिकारी