पितळेच्या भट्टीवर वीज का होत नाही?

प्रश्न : भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या भट्ट्यांची एवढी उष्णता वाया जाते. पितळ तर विजेचे चांगले वाहक. मग तापल्या पितळेतूनच वीज का काढत नाहीत?
– एक वाचक, भंडारा

उत्तर : निघते, पण मोजण्यापुरती. धातूच्या पट्टीचे एक टोक तापवले की दोन टोकांत विद्युतदाब तयार होतो, हे भौतिकशास्त्रज्ञ झेबेकच्या 1821 पासूनच्या प्रयोगांमुळे माहीत आहे. पितळेत तो अंशामागे जेमतेम दोन-तीन मायक्रोव्होल्ट असतो. 500 अंशांचा फरक ठेवलात तरी फार तर दीड मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलचा हजारावा भाग!

दोष इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याचा, म्हणजे त्यांना घेता येणाऱ्या ऊर्जांच्या पल्ल्याचा. धातूत हा पट्टा अर्धवट भरलेला असतो. भरलेल्या पातळीच्या वरचे इलेक्ट्रॉन आणि खालच्या रिकाम्या जागा जवळपास सारख्याच जोराने उलटसुलट ओढतात. रस्सीखेच बरोबरीत सुटते. शिवाय पितळेतून उष्णताही झरझर वाहते, त्यामुळे टोकांतला फरकच टिकत नाही.

अर्धवाहकात दोन पट्ट्यांमध्ये फट असते. भरलेली पातळी त्या फटीच्या काठाशी आणून ठेवली की एका बाजूची ओढ जिंकते. ती तिथे आणायची युक्ती म्हणजे डोपिंग, परक्या अणूंची मोजकी भेसळ. कमी पडली तर वाहक अपुरे, जास्त झाली तर पदार्थ पुन्हा धातूसारखा वागू लागतो. नीट साधले की बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक अंशामागे सुमारे 200 मायक्रोव्होल्ट देतो. लेड टेल्युराइडमध्ये तर वेगवेगळे पट्टे एकाच ऊर्जेला आणून वाहकांना जास्त वाटा मिळवून दिल्या गेल्या. मला स्वतःला ही करामत सगळ्यात सुंदर वाटते.

तुमच्या जिल्ह्याचा यात खरा संबंध पितळेपेक्षा तिथल्या खाणींतल्या मँगनीजशी आहे. मँगनीज आणि सिलिकॉनच्या अर्धवाहक संयुगात सिलिकॉनच्या जागी थोडे ॲल्युमिनियम घातले की वाहक वाढतात. उष्णतेतून वीज काढण्याची एकूण क्षमता ज्याने मोजतात, तो बिस्मथ टेल्युराइडचा गुणांक खोलीच्या तापमानाला 1 च्या आसपास, तर याचा 500 अंशांपाशी सुमारे 0.5. कमी खरा, पण टेल्युरियम दुर्मीळ आहे, मँगनीज मुबलक. आणि भट्टीजवळच्या तापमानाला बिस्मथ टेल्युराइड टिकतही नाही.

तरीही भट्टीला आज हे जोडणे परवडणार नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड अजून तरी सुक्या सेलच्या कारखान्यांकडे जाते.