सागरी कयाकपटूचे प्रावीण्य कसे ठरवावे?

परीक्षेतील गुण म्हणजेच योग्यता, असे मानण्याची आपणांस सवय आहे. सागरी कयाकपटूंच्या पायऱ्यांचा विचार करू लागलो, तेव्हा माझी ही समजूत डळमळली.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक व दोन मार्गदर्शक कयाकमधून निघाले. वाऱ्याने ती मंडळी दूर लोटली गेली, नावा बुडाल्या आणि चार विद्यार्थी दगावले. खुल्या समुद्रात इतरांना सांभाळण्याइतका अनुभव मार्गदर्शकांपाशी नव्हता. पुढे १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला.

म्हणून पायरी ठरविताना माणसाबरोबर समुद्रही मोजावयास हवा. बोफोर्ट मापनातील चौथ्या क्रमांकाचा वारा ताशी ११ ते १६ सागरी मैल वेगाचा असतो. शांत खाडीत सफाईने वल्हविणारा या वाऱ्यात नवशिकाच ठरू शकतो.

माझ्या मते पायऱ्या चार. पहिली, निवाऱ्याच्या पाण्यात नाव सरळ नेणे व वळविणे. दुसरी, नाव उलटल्यास वल्ह्याच्या आधाराने पुन्हा वर येणे. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांचा जीव याच विद्येवर अवलंबून असे. तिसरी, पाण्यात पडलेल्या सोबत्यास पुन्हा नावेत बसविणे. चौथी, भरती-ओहोटी व हवामान पाहून इतरांस नेणे आणि प्रसंगी ‘आज निघायचे नाही’ असे सांगणे.

पहिल्या तिन्हींची परीक्षा तासाभरात घेता येईल. चौथीसाठी मात्र अनेक ऋतूंचा अनुभव लागतो, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने तोच आधी विचारावा, असे मला वाटते.