ओरडणाऱ्याचं आधी नको

वसुलीला जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो, त्याचे पैसे आपण आधी भरतो. घरात दुसरं कमावणारं माणूस नसेल तर हे हमखास होतं, कारण दारातला तमाशा थांबवायलाही कुणी नसतं. माझं गंठण आणि बोरमाळ याच पायी लिलावाच्या नोटिशीपर्यंत गेली. एकट्यानं मुलं वाढवणारी बाई असो की बाप्या, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी इचलकरंजीची. नवरा मागावर कामाला होता. २०१९ मध्ये तो गेला आणि पुढच्याच मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सगळ्या गावाचे माग थांबले. मी गारमेंटमध्ये शिलाईला जायचे. तिथं पीसवर पैसे, म्हणजे मशीन बंद तर पगार बंद. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली होती, पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच होतं. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणींना हे सप्टेंबरमध्ये कळलं. तोवर माझ्यावर दोन गटांची, म्हणजे मायक्रोफायनान्सची, कर्जं, सोन्यावरचं कर्ज, किराण्याची उधारी आणि मुलीच्या ऑनलाइन शाळेच्या मोबाइलसाठी एका ॲपवरून घेतलेले पैसे, असं सगळं साठलं होतं.

गटाचा माणूस दारात येऊन बसायचा. "ताई, हप्ता झाल्याशिवाय मी हलणार नाही." त्याच्यापेक्षा गटातल्या बायकांचं बोलणं लागायचं. "तुझ्यामुळं आम्हालाबी पुढचं कर्ज मिळायचं नाही बघ." त्याही माझ्यासारख्याच, त्यांच्यावर राग तरी कसा धरणार? ॲपवाले तर रात्री फोन करायचे. एकदा दार वाजलं आणि माझी मुलगी, तेव्हा चौथीत होती, आपणहून पुढं गेली. "आई कामावर गेलीय," म्हणाली. मी आत भाकरी थापत होते. तिला असं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच आठवड्यात सोन्याची नोटीस आली. तिथून वर्षभरात कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नव्हतं.

त्या रात्री शेजारच्या काकूंना बोलावून वही काढली. त्यांना हिशेब कळतो म्हणून नाही. समोर माणूस असलं की आकडे लपवता येत नाहीत म्हणून. प्रत्येक कर्जापुढं बाकी किती, व्याज किती आणि नाही भरलं तर नेमकं काय होईल, एवढंच लिहिलं. तुम्हीही शेवटचा रकाना नीट भरा. नाही भरलं तर गटवाला बोलेल. सोनं मात्र जाईल. किराणा दुकानदार काहीच व्याज लावत नाही, पण त्यानं हात आखडला तर उद्याचं पीठ नाही. म्हणून मी क्रम असा लावला: पोटाचं, भाडं आणि लाइट बिल आधी, मग सोन्याचं व्याज, दुकानदाराला दर आठवड्याला थोडे का होईना, पण द्यायचेच, उरेल ते गटाला आणि ॲपला. सोन्याची मुदत संपायच्या आधीच शाखेत जाऊन विचारा, व्याज भरून कर्ज पुढं चालू ठेवता येतं का. लिलाव झालाच तर कर्ज फिटून वर उरलेली रक्कम तुमची असते, ती मागून घ्या.

नवरा किंवा बायको गेली असेल तर हे नीट वाचा. गटाच्या कर्जातून पुष्कळदा विम्याचे पैसे कापलेले असतात, आणि तो विमा जोडीदाराचाही असू शकतो. कर्जाचं कार्ड आणि पावत्या काढून बघा, मृत्यूचा दाखला लावून लेखी विचारा. तोंडी विचारलं की "बघतो ताई" एवढंच उत्तर मिळतं. आणि नवऱ्याचं कर्ज आपोआप तुमच्या अंगावर येत नाही. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर त्याच्या मागं राहिलेल्या मालमत्तेतून जेवढं तुमच्याकडं आलं, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. तेराव्याला येऊन कुणी कागद पुढं केला तर सही करू नका. दुःखात माणूस कशावरही सही करतं.

२०२२ पासून वसुलीचे नियम कडक झालेत. गटाच्या कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना आणि कामावरच्या लोकांना त्रास द्यायचा नाही. दंड लागतो तो थकलेल्या हप्त्यावरच, सगळ्या कर्जावर नाही. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जात असतील, तर नवीन कर्ज देताच येत नाही. कुणी तरीही देत असेल तर ते आपल्या भल्यासाठी नाही, हे ओळखा. ॲपनं तुमच्या मोबाइलमधले नंबर आणि फोटो बघायचे नसतात. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. चेक न वटणं मात्र वेगळं प्रकरण, म्हणून कोरा चेक कुणालाच देऊ नका. तक्रार आधी त्या संस्थेकडं लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८. विनापरवाना सावकार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं.

रोजची चिडचिड वेगळीच. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि ते नेमकं शिफ्टच्या वेळेला. त्यात पोरीला शाळेत चार्ट पेपर हवा असतो. दहा रुपयांचा चार्ट, पण दिवसभराचा राग त्याच्यावर निघू शकतो. मी मुलीला वही दाखवली. सगळे आकडे नाही, पण "हे एवढं द्यायचंय, देतोय, आणि दारात कुणी आलं तर आई स्वतः बोलेल," एवढं सांगितलं. मुलांना पैशाची अडचण समजते. आईचं दडून बसणं त्यांना समजत नाही, त्याचीच त्यांना भीती वाटते.

आणि हक्काचं सोडू नका. एक पालक गमावलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. उत्पन्न फारच कमी असेल तर संजय गांधी निराधार योजना तहसील कार्यालयात. मृत्यूचा दाखला, मुलाचं बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत कायम तयार ठेवा. मधल्या माणसाला पैसे देऊ नका, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.