युरियाचे दुसरे पोते आणि दहावे पोते : लॉगच्या हिशेबाने



"पाच पोत्यांना बेचाळीस टन पडला, तर दहा पोत्यांना किती पडेल?" चौऱ्याऐंशी पडणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. "पण साठ तरी पडंल की!" हे जे अंदाजाने म्हटले जाते, ते नेमके किती धरावे याचे एक गणित आहे. ज्यांनी जुनी मॅट्रिक केली त्यांना लॉगची कोष्टके आठवत असतील. स्कॉटलंडचे जॉन नेपियर यांनी १६१४ साली लॉगॅरिदम प्रसिद्ध केले, ते गुणाकाराचे काम बेरजेवर आणण्यासाठी. आपल्यालाही त्यांचा तेवढाच गुण हवा आहे.

प्रथम आकडे घेऊ. हे आकडे समजण्यापुरते मांडले आहेत, कोणाच्या शेतातले नाहीत. एकाच जमिनीत, एकाच पाण्यावर सुरू उसाचे चार तुकडे आहेत असे धरा :

एकरी नत्र २५ किलो – ऊस ३० टन
एकरी नत्र ५० किलो – ऊस ३६ टन
एकरी नत्र १०० किलो – ऊस ४२ टन
एकरी नत्र २०० किलो – ऊस ४८ टन

आलेखाच्या कागदावर हे चार ठिपके मांडून त्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा काढणे, याला समाश्रयण किंवा रिग्रेशन म्हणतात. सरळ रेषा काढली तर उत्तर येते की एक किलो नत्रामागे सुमारे ०.०९६ टन ऊस वाढतो. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे. (अजून कित्येकजण ५० किलोचाच हिशेब करतात.) म्हणजे एका पोत्यात २०.७ किलो नत्र, आणि सरळ रेषेच्या मते दर पोत्याला दोन टन. दुसऱ्या पोत्यालाही दोन आणि दहाव्यालाही दोनच. कोणताही जाणता शेतकरी हे मान्य करणार नाही.

आता तेच आकडे पुन्हा पाहा. नत्र दरवेळी दुप्पट झाले आहे आणि ऊस दरवेळी ६ टनांनीच वाढला आहे. एकीकडे गुणाकार चालला आहे, दुसरीकडे बेरीज. म्हणून नत्राऐवजी नत्राचा लॉग घ्यावयाचा. २५ चा लॉग १.३९८, ५० चा १.६९९, १०० चा २ आणि २०० चा २.३०१. प्रत्येक वेळचा फरक ०.३०१. आता ठिपके सरळ ओळीत बसतात आणि सूत्र मिळते : ऊस = २ + २० × नत्राचा लॉग.

या २० चा अर्थ लावताना पुष्कळ घोटाळा होतो. एका किलोला २० टन असा तो नव्हे. नत्र दहापट केले तर २० टन वाढतील, असा तो आहे. दहापट कोणी करत नाही, म्हणून २० ला ०.३०१ ने गुणून 'दुप्पट केल्यास ६ टन' असे वाचावे. नत्र १० टक्के वाढविले तर सुमारे ०.८३ टन. मोबाईलवर नैसर्गिक लॉगचे बटण दाबले गेले तर २० च्या जागी ८.६९ येईल, घाबरू नये, ऊस तेवढाच आहे. त्या आकड्याचा शंभरावा भाग, ०.०८७ टन, म्हणजे नत्र १ टक्क्याने वाढविल्याचा फायदा.

हेच पोत्यांत मांडू. २५ किलोवर असताना टाकलेले एक पोते सव्वापाच टन देते. ५० किलोवर तेच पोते ३ टन, १०० किलोवर १.६ टन आणि २०० किलोवर जेमतेम ०.८५ टन.

इथे एखादा सभासद म्हणेल, "साहेब, पाऊण टन का होईना, पोत्याचे पैसे निघतातच की!" प्रश्न रास्त आहे. अनुदानामुळे युरिया स्वस्त आहे आणि नुसत्या कागदावर दहावे पोतेसुद्धा परवडते. पण एकरी ४८ टनाच्या फडात एक गुंठा म्हणजे १.२ टन. क्षेत्र मोजताना बांधाकडेचा एक गुंठा इकडेतिकडे झाला तरी दहाव्या पोत्याचा सगळा फायदा त्या चुकीत बुडून जातो. तो आला की नाही हे एका हंगामात, एका शेतात सांगताच येणार नाही. दुसरे असे की, लॉगची रेषा कधीच खाली वळत नाही. ४०० किलो घातले तर ती ५४ टन सांगेल, ८०० ला ६०. हा सूत्राचा स्वभाव आहे, उसाचा नव्हे. जादा नत्राने ऊस लोळतो, कीड वाढते, पक्वता लांबते आणि रसाची शुद्धता घटते. दर उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे ते नुकसान सर्व सभासदांत वाटले जाते. जेवढ्या मात्रेपर्यंत प्रयोग झाला तेवढ्यापर्यंतच रेषेवर विश्वास ठेवावा. सुरू उसाची हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १०० किलोची शिफारस नजरेसमोर असू द्यावी.

ही अडचण जुनी आहे. जर्मनीतील मिचरलिश यांनी १९०९ मध्ये उत्पादनाला एक कमाल मर्यादा धरली आणि त्या मर्यादेपर्यंतच्या तुटीचा लॉग घेतला. मर्यादा ६० टन आणि आजचा ऊस २० टन असेल तर तूट ४० टन. खताच्या एका मात्रेने ती निम्मी झाली तर पुढच्या तेवढ्याच मात्रेने २० ची १० होईल. मर्यादेच्या वर रेषा जातच नाही. माझ्या मते उसाला हे जास्त शोभते, मात्र ती मर्यादा आधी ठरवावी लागते.

कधी उत्पादनाचाच लॉग घेतात. तिथे गाळपाच्या अंदाजाला धोका आहे. तीन सभासदांचे एकेक एकर २०, ४० आणि ८० टनांचे आहे. त्यांच्या लॉगची सरासरी काढून उलट आकडा घेतला तर ४० येतो. तिघांचा मिळून १२० टन धराल, आणि काट्यावर येतील १४०. चाळीस हा मधल्या शेतकऱ्याचा आकडा म्हणून ठीक आहे. एकूण उसासाठी साधी सरासरीच लागते.

बिनखताच्या तुकड्याचेही पाहावे लागते, कारण शून्याला लॉग नाही. काहीजण सर्व आकड्यांत १ मिळवून वाट काढतात. पण १ किलो मिळवला तर एक उत्तर आणि १ ग्रॅम मिळवला तर दुसरेच. तो तुकडा आलेखावर वेगळा दाखवावा किंवा लॉगऐवजी वर्गमूळ घ्यावे, त्याला शून्य चालते.

ज्यांना आपल्या शेतावर हे करून पाहावयाचे आहे त्यांनी क्षेत्र टेपने मोजावे, वजन काट्याच्या पावतीवरून घ्यावे, आणि नत्र किलोत लिहावे. डीएपीतले १८ टक्केही त्यात धरावेत. लागण आणि खोडवा यांची नोंद मात्र वेगवेगळ्या पानावर असावी. दोन्हींचे ठिपके एका रेषेत घातले की पिकाचा फरक खताच्या नावावर चढतो.