परदेशी निघालात? दवाखान्याचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार, ते आधी ठरवा



या आठवड्याच्या व्हिडिओत परदेशी जाऊन काम किंवा धंदा उभा करायचा असेल तर भांडवलाची मांडणी कशी करायची ते बघितलं. तिकीट, व्हिसा, राहणं, पहिले सहा महिने, सगळं वहीत लिहिलं. दवाखान्याचा रकाना मात्र वेळेअभावी राहिला, आणि तो रकाना एका पानात मावणारा नाही. म्हणून हा लेख.

आपल्या हट्ट्यातून किंवा वसमत, जवळा बाजार, औंढ्याकडून बाहेर निघालेला पोरगा सहसा तीन वाटांपैकी एका वाटेनं जातो. एक, हातात एसी दुरुस्ती, वायरिंग, वेल्डिंग असं काम आहे, आधी आखाती देशात नोकरी आणि मग जमलं तर स्वतःचं दुकान. दोन, हळदीचा व्यापार. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ‘दुबईत माल विकू’ असं म्हणणारे वाढलेत. तीन, शिकलेली मुलं, जी जर्मनी किंवा इंग्लंडकडे बघतात. महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार २०२४ मध्ये केला, तेव्हापासून ही चौकशी जास्त येते.

तिघांचाही प्रश्न एकच असतो: “सर, तिकडं सरकारी दवाखाना असतो ना? मग खासगी विमा कशाला काढायचा?”

खरं सांगू का, ही निवड बऱ्याच अंशी तुम्ही करतच नाही. तुमचा व्हिसा करतो. नोकरीचा व्हिसा असेल तर एक उत्तर, धंद्याचा असेल तर दुसरं, फिरायचा असेल तर तिसरं. तुमच्या हातात दोन गोष्टी उरतात. एका विम्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये पोकळी पडू न देणं, आणि गावाकडं राहिलेल्या घराची सोय. बुडणारा बुडतो तो या दोन ठिकाणी.

आधी आखाताचं बघू

संयुक्त अरब अमिरातीत सरकारी दवाखाने आहेत आणि चांगले आहेत. पण परदेशी माणसाला ते फुकट नाहीत. तिथं कामगाराचा आरोग्य विमा मालकानं काढायचा, असा कायदा आहे. अबुधाबी आणि दुबईत तो आधीपासून होता. शारजा, अजमान वगैरे उरलेल्या अमिरातींत खासगी क्षेत्रातल्या कामगारांसाठी तो १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचा झाला. हप्ता मालकानं भरायचा, तुमच्या पगारातून कापायचा नाही. एजंट “इन्शुरन्सचे पैसे वेगळे द्यावे लागतील” म्हणाला, की तिथंच थांबा आणि लेखी मागा.

आता हा विमा म्हणजे सगळं मिळालं असं समजू नका. उत्तरेकडच्या अमिरातींसाठी जे मूळ पॅकेज आणलं, त्याचा वर्षाचा हप्ता ३२० दिरहमपासून आहे. एवढ्या पैशात जेवढं येतं तेवढंच येतं. ॲडमिट झालात तर बिलाचा २० टक्के वाटा तुमचा, ओपीडीत २५ टक्के, औषधांत ३० टक्के. या वाट्याला वरची मर्यादा घातलेली आहे, तरी खिशात काहीतरी लागतंच. शिवाय ठरलेल्या यादीतल्याच दवाखान्यात जायचं. पहिल्या आठवड्यातच कार्ड मागून घ्या, आणि जवळचा यादीतला दवाखाना कुठला ते बघून ठेवा. ताप आल्यावर शोधायला बसू नका.

आणि आता खरी मेख. समजा, तुम्ही तीन वर्षं शारजात एसी टेक्निशियन म्हणून काढली. गिऱ्हाईक ओळखीचं झालं, दोन पोरं हाताशी आली, मेंटेनन्सचं लायसन काढायचं ठरवलं. नोकरीचा राजीनामा दिला की जुना व्हिसा रद्द होतो, आणि मालकाचा विमाही त्याच्याबरोबर जातो. नवीन व्हिसा धंद्याचा, म्हणजे आता मालक तुम्हीच. स्वतःचा विमा स्वतः विकत घ्यायचा. बायकामुलांना बोलावलं तर त्यांचाही तुम्हीच, कारण त्यांचे प्रायोजक तुम्ही. मधले जे काही आठवडे जातात, त्यात तुम्ही कुणाच्याच यादीत नसता. धंद्याची सगळी जमवाजमव त्याच आठवड्यांत चाललेली असते. शिडीवरून पाय घसरला आणि हाड मोडलं, तर बिल दिरहमात येणार आणि ते लायसनसाठी ठेवलेल्या पैशातून जाणार.

म्हणून माझं सांगणं: राजीनाम्याची तारीख ठरवायच्या आधी विमा एजंटकडून स्वतःच्या नावाचं कोटेशन घ्या. ते धंद्याच्या खर्चात धरा, भाड्याच्या वर लिहा. पस्तिशीतल्या निरोगी माणसाला जो दर मिळतो तो शुगर निघालेल्या माणसाला मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

दहावी न झालेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणी लागते, आणि आखाती देश किंवा मलेशियाला कामासाठी जाताना ‘प्रवासी भारतीय बिमा योजना’ घ्यावीच लागते. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. पैशाच्या मानानं ही चांगली पॉलिसी आहे. पण एकट्या तिच्या भरवशावर तिकडच्या दवाखान्याचा खर्च धरू नका. कागदाची एक प्रत घरी बायकोकडे किंवा भावाकडे ठेवा, फक्त तुमच्या बॅगेत ठेवू नका.

हळदीवाल्यांना दोनच वाक्यं. फिरायच्या व्हिसावर मालाचे नमुने घेऊन आठ-पंधरा दिवस जाताय, तर तुम्ही तिथं कुठल्याच व्यवस्थेत नाही, त्यामुळे इथूनच प्रवास विमा काढून जा. आणि प्रवास विमा अचानक आलेल्या आजारापुरता असतो, जुनं दुखणं तिकडं दाखवून घेऊ असा बेत करू नका.

जर्मनीत खरी निवड आहे, आणि ती चुकली तर महागात जाते

तिथं आरोग्य विमा प्रत्येकाला सक्तीचा आहे. दोन व्यवस्था आहेत, एक सार्वजनिक विमा निधींची, दुसरी खासगी कंपन्यांची. सार्वजनिकमध्ये हप्ता पगाराच्या टक्क्यात असतो. २०२५ चे आकडे घ्या: मूळ दर १४.६ टक्के, वर सरासरी २.५ टक्के. म्हणजे महिना ३,००० युरो पगार असेल तर सुमारे ५१३ युरो, त्यातले अर्धे मालक भरतो. काळजी विम्याचा हप्ता वेगळा. वय, शुगर, बीपी, काही विचारत नाहीत. कमावत नसलेली बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात.

खासगीत उलटं. हप्ता तुमच्या पगारावर ठरत नाही, वय आणि तब्येत बघून ठरतो. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. एकट्या, धडधाकट, तिशीतल्या माणसाला तो स्वस्त दिसतो, आणि आपली माणसं इथंच फसतात. पाच वर्षांनी लग्न, दोन लेकरं, मग चार हप्ते. परत सार्वजनिकमध्ये येऊ म्हटलं तर वाट सोपी नाही, आणि ५५ वर्षांनंतर ती जवळपास बंदच होते.

नोकरदाराचा पगार एका मर्यादेच्या आत असेल (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो), तर त्याला सार्वजनिकमध्येच राहावं लागतं. नव्यानं गेलेले आपले बहुतेक त्याच गटात असतात, त्यामुळे त्यांना डोकं लावायची गरज नाही. प्रश्न आहे धंदा करणाऱ्याचा. भारतातून थेट स्वयंरोजगाराच्या व्हिसावर उतरलात तर सार्वजनिक निधी सहसा घेत नाही, खासगीच घ्यावा लागतो. पण आधी नोकरीमुळे सार्वजनिकमध्ये आलात आणि नंतर धंदा सुरू केला, तर ऐच्छिक सभासद म्हणून तिथंच राहता येतं. हप्ता मग पूर्ण स्वतः भरायचा. मालकाचा अर्धा वाटा गेला, आणि कमाई कमी असली तरी एक किमान उत्पन्न धरून हप्ता लागतो.

माझं मत विचाराल तर, ज्याला जर्मनीत स्वतःचं काही करायचंय त्यानं आधी एक-दोन वर्षं नोकरी करावी. भाषा पक्की होते, गिऱ्हाईक कळतं हे आहेच. पण विम्याचं हे एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

इंग्लंड: पैसे आधी, दवाखाना नंतर

इथं सरकारी आरोग्यसेवा आहे आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावरचा परदेशी माणूस ती वापरू शकतो. त्यासाठी व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड. आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे एकदम. नवरा-बायको आणि दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा: १०,८६६ पौंड. रुपयात करा, दहा लाखांच्या वर जातं. पहिली वीटसुद्धा रचायच्या आधी.

हे मी घाबरवायला सांगत नाही. सोयाबीन आणि हळदीचे पैसे साठवून, वर एखादा एकर गहाण टाकून निघणाऱ्या घराला हा आकडा आधी माहीत पाहिजे, म्हणून सांगतो. एवढं भरल्यावर वर खासगी विमा घ्यायचा का? नियोजित ऑपरेशनला तिथं रांग मोठी असते, म्हणून काही जण घेतात. पहिल्या वर्षी मी तरी घेणार नाही, तो पैसा धंद्यात ठेवीन. आरोग्य आणि सेवाशुश्रूषेच्या कामाच्या व्हिसावर जाणाऱ्यांना हा अधिभार माफ आहे, हे नर्सिंग झालेल्या ताईंनी लिहून ठेवा.

आता हट्ट्यातलं घर

तुम्ही गेलात, आई-वडील इथंच आहेत. माझ्या मते अर्ध्याहून जास्त धंदे तिकडच्या आजारपणानं नाही, इकडच्या आजारपणानं मोडतात. बापाची छाती दुखली, नांदेडला नेलं, आणि पोरानं तिकडून लायसनचे पैसे पाठवून दिले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, आणि कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं. आधी ही मर्यादा दीड लाख होती, त्यामुळे जुनी माहिती सांगणाऱ्याचं ऐकू नका. ७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावरचं वय बघतात. याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथं ठरलेले दर लागतात.

फुकट आहे म्हणून हलकं समजू नका, पण त्याच्या कडाही बघा. योजना यादीतल्या आजारांना आणि यादीतल्या दवाखान्यांतच चालते. रोजच्या गोळ्या-औषधांना चालत नाही. आणि नाव जुळलं नाही तर ऐन वेळी अडतं. रेशन कार्डावर ‘बाबुराव’ आणि आधारवर ‘बाबाराव’, एवढ्यानं सुद्धा धावपळ होते. हे काम तुम्ही गावात असताना करा. आईला किंवा बापाला एकदा यादीतल्या दवाखान्यात घेऊन जा, तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद दाखवा, चालतात का विचारा. अर्धा दिवस जाईल, पण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसावं लागणार नाही.

उरलेल्या कडा बुजवायला खासगी विमा. २०२० पासून सगळ्या कंपन्यांत मिळणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही साधी, ठरावीक अटींची पॉलिसी आहे. दावा मंजूर झाला तरी ५ टक्के तुमचे. पहिल्यांदा घेणाऱ्यानं तिथून सुरुवात केली तर वावगं नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा हप्ता हलका झालाय. फॉर्मवर बीपी-शुगर लपवू नका. एजंट “लिहू नका, हप्ता वाढतो” म्हणाला तरी लिहा.

आणि तुमची स्वतःची इथली पॉलिसी असेल तर? बहुतेक जण जाताना बंद करतात. “मी तिकडं, इथला हप्ता कशाला?” ती पॉलिसी तिकडच्या बिलाला सहसा चालत नाही हे खरं. पण जुन्या आजारांसाठीचा थांबायचा काळ, जो २०२४ च्या नियमानं जास्तीत जास्त तीन वर्षं असतो, तो तुम्ही इथं भरून काढलेला असतो. सलग पाच वर्षं झाली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून दावा नाकारता येत नाही. बंद केली की हे सगळं शून्यावर येतं. सात वर्षांनी चाळिशी ओलांडून, बीपीची गोळी घेत परत आलात, तर नवीन कंपनीसमोर पहिल्यापासून उभं राहायचं. परत यायचा थोडाही विचार असेल तर रक्कम कमी करा, पण पॉलिसी चालू ठेवा. हप्ता खात्यातून आपोआप जाईल असं लावून द्या आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू राहील ते बघा. नंबर बंद पडला, मेसेज आला नाही, पॉलिसी गेली, असं होतं.

एजंटकडे किंवा तिकडच्या मालकाकडे शेवटचे पैसे भरायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, फोनवर नाही. विमा कुठल्या तारखेपासून सुरू? कंपनी कुठली? माझा वाटा किती टक्के? नोकरी सुटली तर कुठल्या तारखेला संपतो? चौथ्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पुढच्या व्हिडिओत आपण वहीतला पुढचा रकाना घेऊ: तिकडून पैसे पाठवताना बँक किती कापते.